मानसिंगच्या जीपचा पिवळा दिवा

किकवीच्या सोपान मिस्त्रीला दुसऱ्याचं कौतुक कधी सोसलं नाही. हे त्याच्या पाठीमागं बोलतोय असं समजू नका, तोंडावर बोलायची सगळ्या गावाला सवय आहे. शेजाऱ्याच्या म्हशीनं दूध जास्त दिलं की ह्याच्या पोटात कळ. मेव्हण्यानं घराला रंग दिला तर हा भिंतीला नाक लावून पोपडा शोधणार. बायको मंगल वैतागून म्हणायची, "देवानं तुमाला काय कमी दिलंय वो, सारखं दुसऱ्याच्या ताटात बघताय?" त्यावर सोपान म्हणायचा, "म्या कुठं बघतोय? दिसतंय त्ये दिसतंय."

हाताला मात्र माणसाच्या तोड नव्हती. भोरला सावळाराम मिस्त्रींच्या हाताखाली तो कामाला लागला तेव्हा त्याला मिसरूडही नव्हतं. पुढं हायवेच्या सर्व्हिस रोडला स्वतःचं पत्र्याचं गॅरेज टाकलं त्याला आता तीस वर्षं झाली. गाडी रस्त्यावरून येतानाच तो ओट्यावर बसून सांगायचा, हिचा क्लच संपलाय, हिचा सायलेन्सर फुटलाय. बघायला उठायचंही काम नाही. सावळाराम मिस्त्रींनी लावलेली एक शिस्त तर त्यानं देवपूजेसारखी पाळली होती. बेअरिंग बसवताना त्याच्यावर ठोकलेला नंबर नेहमी बाहेरच्या अंगाला ठेवायचा. का? तर उद्या दुसऱ्या कुणी मिस्त्रीनं चाक खोललं, तर त्याला नंबर वाचता यावा, नवं मागवताना खोळंबा होऊ नये. जळका माणूस खरा, पण ओळखदेख नसलेल्या मिस्त्रीची एवढी काळजी घ्यायचा.

दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या पलीकडं सुलक्षणानं गॅरेज टाकलं आणि सोपानच्या सुखाला दृष्ट लागली. ती गावातल्याच एका घरची सून. आयटीआय शिकलेली, पुण्यात एका मोठ्या वर्कशॉपात चार वर्षं काम केलेली. नवरा शिरवळला कंपनीत जायचा आणि ही अंगात निळा कोट घालून गाड्यांखाली शिरायची. पहिले सहा महिने लोक नुसते बघायला यायचे, मग गाड्या घेऊन यायला लागले. तिच्याकडं स्कॅनर होता. गाडीच्या स्टेअरिंगखाली वायर जोडायची आणि काय बिघडलंय ते स्कॅनरच्या पाटीवर वाचायचं. सोपान म्हणायचा, "आमी नाडी बघतो. ती चिठ्ठी वाचून दावती." हे तो हसत हसत म्हणायचा, पण सकाळी शटर वर केल्या केल्या त्याची पहिली नजर पलीकडं जायची, तिच्या दारात किती गाड्या उभ्या आहेत ते मोजायला. एक दिवस त्यानं आपलं कामाचं टेबल उचलून दाराच्या तोंडाशी आणलं. उजेड पडतो म्हणून आणलं असं त्यानं मंगलला सांगितलं. तिथून पलीकडचं गॅरेज सगळं दिसतं हे मंगलला दिसत होतं.

तरी एक गिऱ्हाईक होतं, ज्याच्या जिवावर सोपान छाती काढून बसायचा. पालीचा मानसिंग. दोघं किकवीच्या शाळेत एका बाकावर बसलेले, कारण मानसिंगचं आजोळ किकवीचं. आता तो राजगडावर येणाऱ्या लोकांना हायवेवरून जीपमधून पालीला नि गुंजवण्याला न्यायचा. वाटेत दुसरी शंभर गॅरेजं लागली तरी त्याची जीप सोपानच्याच दारात यायची. सुलक्षणा आल्यावरही आली. सोपानला वाटायचं, सगळं गाव तिकडं गेलं तरी चालेल, मानसिंग आहे तोवर मी आहे.

डिसेंबरातला बुधवार. सकाळी मानसिंगची जीप सर्व्हिस रोडला वळली आणि सोपान ओट्यावरूनच ओरडला, "मान्या, डावीकडच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय!"

मानसिंगनं इंजिन बंद करून तोंडात बोट घातलं. "आरं, म्या अजून तोंड उघडलं न्हाई. आठ दिस झालं घूं घूं करतंय म्हणून तर आलो."

सोपान स्वतः एक चक्कर मारून आला. स्टेअरिंग उजवीकडं वळवलं की भार डाव्या चाकावर जायचा आणि घूं घूं वाढायचं. मग शंकाच नको. बेअरिंग म्हणजे चाक ज्याच्यावर फिरतं ते छर्‍यांचं कडं. भोरहून दोन्ही चाकांची नवी बेअरिंगं मागवली. उजवं नंतर घालू म्हणून त्याचा डबा फळीवर ठेवला आणि डावं दुपारपर्यंत दाबून बसवलं. नंबर बाहेर. मानसिंगनं जीप फिरवून आणली. आवाज बंद. "वा रे सोपाना! तुझा कान हाय का यंत्र?" असं तो भर रस्त्यात ओरडला. सोपाननं आधी पलीकडं बघितलं, ऐकू गेलं का. सुलक्षणानं मान वर केली होती. सोपानला त्या दिवशी भाकरी गोड लागली.

अर्ध्या तासात जीप परत दारात. आवाज नव्हता, पण स्टेअरिंगपुढच्या काट्यांच्या शेजारी एक पिवळा दिवा लागला होता.

तो एबीएसचा दिवा. घाटात जोरात ब्रेक दाबला की चाकं जाम होऊन गाडी घसरत जाऊ नये, म्हणून नव्या गाड्यांना ही सोय असते. प्रत्येक चाकाजवळ एक बोटाएवढा सेन्सर बसवलेला असतो, चाक किती वेगानं फिरतंय ते तो गाडीतल्या कंप्युटरच्या डब्याला कळवत राहतो. एका जरी सेन्सरनं कळवायचं बंद केलं, की डबा म्हणतो मला भरवसा नाही, ही सोय बंद. साधे ब्रेक लागतात, पण चाक जाम होणार नाही याची खात्री संपली.

सोपाननं सेन्सर काढून पुसला. वायर ओढून बघितली. सगळं जाग्यावर. दिवा तसाच. शेवटी तो म्हणाला, "ह्या सेन्सरच्या भानगडी लई नाजूक असत्यात. त्यो जुना होता, हात लागल्यावर गेला आसंल. ब्रेक लागतोय न्हवं? मग त्या दिव्यावर चिकटपट्टी लाव नि जा."

"चिकटपट्टी?" मानसिंगचा चेहरा उतरला. "शनिवारी पुण्याच्या शाळंची पोरं हायत गाडीत. पाबे घाटानं आणायचीत. दव पडल्याला रस्ता, वर हा दिवा! न्हाई बाबा. तू चिडू नगस सोपाना, म्या ताईकडं एकदा स्कॅनर लावून बघतो."

चिडू नकोस म्हणे! तीस पावलं रस्ता ओलांडून जीप पलीकडं गेली आणि सोपानला वाटलं, आपली वरात निघाली. अंगाचा नुसता जाळ झाला. पाना आपटला, डबा लाथाडला, उगाच एका मोटरसायकलची चेन काढून परत घातली. पलीकडं मानसिंग हसत होता. "ताई" म्हणत होता. तीस वर्षांत त्यानं सोपानला कधी खुर्ची पुसून दिली नव्हती, तिला दिली! हे सोपाननं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि घरी जाऊन मंगलला सांगितलं. मंगल म्हणाली, "मग तुमी बी पुसायची तिची खुर्ची. पोरगी हुशार हाय." सोपान ताट सरकवून उठला.

गुरुवारी सकाळी सुलक्षणानं स्कॅनर लावून जीप सर्व्हिस रोडला चालवली. पाटीवर तीन चाकांचा वेग वीस दिसत होता आणि पुढच्या डाव्या चाकाचा शून्य. सेन्सर गेला, असं तिनं सांगितलं. नवा सेन्सर पुण्याहून एसटीनं पार्सल आला. दुपारी चारला तिनं तो बसवला आणि परत गाडी चालवली. तीन चाकं वीस. पुढचं डावं शून्य.

ते तिचं तोंड! सोपाननं इकडून बघितलं आणि त्याच्या पोटात गार पाणी पडल्यासारखं झालं. वायरी तपासून झाल्या, फ्यूज बघून झाले, नवा सेन्सर काढून परत घालून झाला. दिवा तसाच. सोपान हात पुसत, शीळ घालत रस्ता ओलांडून गेला. हे त्यानं करायला नको होतं, पण राहवतंय कुणाला?

"काय म्हणतीया पाटी?" त्यानं विचारलं.

"शून्य म्हणतीया तात्या." सुलक्षणा गुडघ्यावर बसली होती. कपाळाला ग्रीस लागलं होतं.

"मग शून्याला शून्यच म्हणायचं. यंत्र खोटं थोडंच बोलतंय?" सोपान म्हणाला. वर मानसिंगला म्हणाला, "चिकटपट्टी देऊ का रं?" सुलक्षणानं खाली मान घातली आणि परत चाकाला भिडली. सोपान माघारी आला तो अगदी पिसासारखा हलका होऊन. आता मानसिंग उद्या जीप पुण्याला नेणार, चार ठिकाणी सांगणार की ताईला जमलं नाही. परवापासून सगळं पहिल्यासारखं होणार.

शुक्रवारी सकाळी त्यानं टेबल आवरायला घेतलं. आदल्या दिवशी ग्राइंडरवर घासलेल्या लोखंडाचा बुरा तिथं पसरला होता. फळीवरचा बेअरिंगचा डबा खाली काढताना हातातून सुटला आणि मानसिंगच्या उजव्या चाकाचं नवं कोरं बेअरिंग बुऱ्यात जाऊन पडलं. शिवी हासडून त्यानं ते उचललं आणि फुंकर मारली. बुरा उडाला नाही. बेअरिंगच्या एका अंगाला, काळ्या कड्यावर, तो गोल चिकटून बसला होता. साधा चिकटला नव्हता, बारीक बारीक उभ्या रेषा आखल्यासारखा.

सोपाननं फडक्यानं पुसलं. दुसरं अंग बुऱ्यावर टेकवलं. काही चिकटलं नाही. परत पहिलं अंग टेकवलं. परत रेषा.

लोहचुंबक! ह्या बेअरिंगच्या एकाच अंगाला बारीक चुंबकांचं कडं होतं. तो सेन्सर दुसरंतिसरं काही बघत नव्हता, चाकाबरोबर फिरणारी ही चुंबकंच मोजत होता. म्हणजे ते अंग आत, सेन्सरच्या पुढ्यात पाहिजे. आणि नंबर? नंबरही त्याच अंगाला ठोकलेला होता. सोपाननं परवा नंबर बाहेर ठेवला म्हणजे चुंबक बाहेर ठेवला. बिचारा सेन्सर नुसत्या कोऱ्या लोखंडाकडं बघत बसला होता. जुना सेन्सर चांगला होता, नवाही चांगला होता. बेअरिंग उलटं होतं.

तो स्टुलावर बसला. तीस वर्षांत एक बेअरिंग उलटं बसवलं नाही, कारण जुन्या बेअरिंगला उलटं-सुलटं नसायचंच. आता काय करायचं? पलीकडं जाऊन सांगायचं? सांगितलं तर शनिवारच्या पोरांची गाडी नीट होईल. पण तीस वर्षांचं नाव एका वाक्यात जाईल, आणि तेही कुणासमोर? तिच्यासमोर! न सांगावं तर उद्या पाबे घाटात मानसिंगनं करकचून ब्रेक दाबला तर... सोपाननं तो विचार पुरा केला नाही. मान्या जपून चालवतो, असं स्वतःला सांगितलं. तो जीप पुण्याला नेईल, तिथं काढतील शोधून. आणि तोवर तिचं नाव तर जाईल. हे शेवटचं मनात आलं तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. दोन्ही एकदम. चिकटलेल्या बुऱ्यासकट बेअरिंग डब्यात घालून त्यानं शटर ओढलं आणि डबा घेऊन घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला. मंगलनं जेवायला उठवलं तर म्हणाला, "पित्त झालंय." मंगल म्हणाली, "व्हय, दोन वर्सं झाली त्याला."

पाच वाजता त्याच्यानं पडवेना. सांगून टाकू, मग काय व्हायचं ते होऊ दे, असं म्हणत तो डबा काखेत मारून निघाला. गॅरेजशी पोचतो न पोचतो तोच पलीकडून जीप आली आणि त्याच्यापुढं थांबली. मानसिंगचं तोंड लख्ख.

"गेला दिवा, सोपाना! चारी चाकं वीस दावत्यात!"

सोपाननं काखेतला डबा घट्ट धरला. "काय... काय झाल्तं?"

"बेअरिंग! ताई म्हणली, कंपनीनं डब्यात चुकीचं बेअरिंग घातलं हुतं. नसरापुरास्नं दुसरं आणून बसवलं तिनं. तुझा काय दोष न्हाई म्हणली. मिस्त्रींचं काम चोख हाय म्हणली, मालच खराब निघाला त्याला त्ये काय करणार?"

सुटला! खरं तर इथं माणसानं देवाला हात जोडावेत. नाव वाचलं, पोरांची गाडी नीट झाली, कुणाला काही कळलं नाही. पण सोपानच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं बेअरिंग काढलं म्हणजे तिला सगळं दिसलं. दिसूनही तिनं झाकलं. त्याला वाचवलं! काल तो तिच्या दारात जाऊन शीळ घालून आला होता, आणि ही त्याला वाचवते? आता जन्मभर रस्त्यापलीकडं ती दिसली की आठवायचं, आपली अब्रू हिच्या पदराखाली आहे. दिव्याचा शोध तिनं लावला हे एक वेळ त्यानं गिळलं असतं. पण हा मोठेपणा? तो कुणी मागितला होता?

"खोटं बोलती ती!" सोपान ओरडला. "गिऱ्हाइकाशी सरळ सरळ खोटं बोलती! माल चोख हुता. बेअरिंग म्या उलटं बसवलं. म्या! ह्ये बघ, तसलंच दुसरं." आणि त्यानं डबा उघडून, बेअरिंग बोनेटवर ठेवून, चिकटलेला बुरा, चुंबक, नंबर, सगळं मानसिंगला दाखवलं. कबुली देत होता, पण आवाज तिच्यावर फिर्याद केल्यासारखा होता.

मानसिंग ऐकत राहिला. मग त्याचे डोळे मोठे झाले.

"म्हंजी तुझी चूक तिनं स्वतःच्या तोंडानं झाकली?"

"व्हय. खोटं बोलून!"

"आन् काल तू तिला येवढं टाकून बोललास तरी बी?" मानसिंगनं मांडीवर थाप मारली. "आयला, काय मन हाय रं पोरीचं! आपल्यात हाय का कोण असलं?" आणि जीप तिथंच सोडून तो सगुणाबाईच्या चहाच्या टपरीकडं चालता झाला, जाता जाता दिसेल त्याला हाका मारत. सोपाननं खरं सांगितलं, आपणहून सांगितलं, यावर तो एक अक्षर बोलला नाही.

सोपान डबा हातात धरून उभा राहिला. आयुष्यात एकदा मोठं मन केलं, तेही तिच्या खात्यात जमा! तो तरातरा रस्ता ओलांडून गेला. सुलक्षणा हात धूत होती.

"तात्या, मानसिंगभाऊ काय ओरडत गेले?"

"म्या सांगितलं त्याला. बेअरिंग म्या उलटं घातलं म्हणून. तुझ्या उपकाराखाली ऱ्हायचं न्हाई मला."

सुलक्षणाचा हात साबणावरच थांबला. "सांगितलंत?" ती हळूच म्हणाली. "कशाला वो सांगितलंत?" तिनं इकडंतिकडं बघितलं. "कसला उपकार, तात्या? तुमच्यासाठी न्हाई बोलले मी ते."

"मग?"

"गुरुवारी सेन्सर काढला तवा भोकातनं बेअरिंग समोर दिसत हुतं. मी बघितलंच न्हाई. मशीन म्हणलं सेन्सर, मी घातला सेन्सर. चांगला हुता तो काढून टाकला. आज चाकाच्या बाहेरच्या अंगाला ब्रेकची धूळ रेषारेषांनी चिकटलेली दिसली, तवा उजेड पडला. बेअरिंग उलटं हाय म्हणले असते, तर भाऊंनी पयलं मलाच विचारलं असतं, मग दोन दिस तू काय करत हुतीस, नि नवा सेन्सर कशापायी घालाया लावलास? म्हणून कंपनीच्या गळ्यात घातलं. तुमचं नाव वाचलं ते आपसूक."

सोपानचा आ वासला तो वासलेलाच राहिला. मग आतून असा काही आनंद उसळला की त्याला हसूच फुटलं. ही सुद्धा तसलीच! आपल्यासारखीच नावाला जपणारी, आपल्यासारखीच चुकणारी, वर आपल्यासारखीच झाकणारी! कुठलं मोठं मन नि कुठलं काय. सुलक्षणा "तात्या, तात्या ऐका" म्हणतेय तोवर तो टपरीच्या वाटेला लागला होता. आता सांगतोच सगळ्यांना.

टपरीवर दहाबारा माणसं जमली होती. मानसिंग उभा राहून हातवारे करत सांगत होता. सगुणाबाई किटली हातात धरून ऐकत होती. कधी आली कोण जाणे, मंगलही पिशवी घेऊन उभी होती आणि पदरानं डोळे टिपत होती.

"ऐका!" सोपान धापा टाकत म्हणाला. "त्या सुलक्षणाचं खरं काय हाय म्हाईत हाय का..."

सगळे त्याच्याकडं वळले. आणि सोपाननं ती तोंडं बघितली. कुणी भुवई चढवली होती, कुणी शेजाऱ्याला कोपर मारत होतं. सगुणाबाईनं तर किटली खालीच ठेवली, आता हा काय नवीन खोट काढतोय ते ऐकायला. मंगलनं डोळे मिटून घेतले होते.

दोन वर्षं त्यानं तिच्याबद्दल नाही नाही ते सांगितलं होतं आणि लोकांनी चवीनं ऐकलं होतं. आज त्याच्या तोंडात खरी गोष्ट होती, आणि ती खरी मानायला कुणी तयार नव्हतं.

"बोल की," मानसिंग म्हणाला. "काय खरं हाय?"

"काय न्हाई," सोपान म्हणाला. "लई मोठ्या मनाची हाय पोरगी."